सालीला जागं करणारा प्रकाश

संत्री, मोसंबी, लिंबू यांचा काढणीनंतरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हिरवी बुरशी, पेनिसिलियम डिजिटॅटम. धड साल तिला सहसा भेदता येत नाही. तोडताना किंवा हाताळताना पडलेल्या बारीक जखमेतूनच ती आत शिरते. म्हणून जपून केलेली तोडणी हाच पहिला इलाज, आणि तो आजही सर्वांत मोलाचा आहे. त्यानंतर आली बुरशीनाशक रसायनं: थायाबेंडाझोल, मग इमॅझॅलिल. अनेक वर्षं त्यांच्यावरच भिस्त राहिली, पण त्यांना दाद न देणाऱ्या बुरशीच्या जाती पॅकिंगगृहांत वाढू लागल्या आणि फळावर उरणाऱ्या औषधाच्या अंशाचे नियमही कडक होत गेले.

प्रकाश जंतू मारतो, हे डाऊन्स आणि ब्लंट या ब्रिटिश संशोधकांनी १८७७ मध्येच दाखवलं होतं. पुढे २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण देणारे पाऱ्याचे दिवे निर्जंतुकीकरणासाठी रुळले. फळांवरही ते वापरून पाहिले गेले, तेव्हा अपेक्षा एवढीच होती की वरचे बीजाणू मरतील.

खरी कलाटणी १९९० च्या दशकात मिळाली. इस्राएल आणि अमेरिकेतल्या प्रयोगांत असं दिसलं की, फळाला आधी किरण दिले आणि बुरशी नंतर टोचली, तरीही सड कमी होते. म्हणजे इथे मारेकरी दिवा नव्हता, फळ स्वतःच लढत होतं! किरणांच्या हलक्या झटक्याने सालीत स्कोपॅरोन नावाचं बुरशीरोधक द्रव्य तयार होतं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: तोडलेलं फळ आपण निर्जीव माल समजतो, पण त्याची साल अजून जिवंत असते. मात्र मात्रा चुकली की तीच साल तपकिरी पडते. शिवाय हे किरण आत जात नाहीत, त्यामुळे फळ सगळीकडून फिरवावं लागतं.

निळ्या प्रकाशाची वाट एलईडीने उघडली. तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याच्याच शोधकांना मिळालं. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये संत्र्याच्या जातीच्या टँजरीन फळांवर निळ्या प्रकाशाने हिरव्या बुरशीला आवर बसतो हे दाखवलं. हा प्रकाश बुरशीची वाढ रोखतो आणि सालीतली संरक्षण-यंत्रणाही जागी करतो. अतिनीलपेक्षा तो माणसासाठी कितीतरी कमी धोक्याचा आहे. अडचण वेळेची: अतिनील किरणांचं काम मिनिटांत आटोपतं, निळ्या प्रकाशात मात्र फळ कित्येक दिवस ठेवावं लागतं.