जोत्यांवरचे रान : कोयना-वारणा खोऱ्यांतील ओस गावांची पार्श्वभूमी

वासोटा किल्ल्यावर जाणारे बहुतेक जण बामणोलीला होडीत बसतात, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून तास-दीड तासाचा प्रवास करतात आणि पलीकडच्या काठावर मेट इंदवली येथे उतरतात. वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची, सोबतचे प्लास्टिक दाखवायचे आणि अंधार पडण्याआधी परत फिरायचे, असा तिथला शिरस्ता आहे. मेट इंदवली हा आता होडीचा थांबा समजला जात असला, तरी ते एका नांदत्या गावाचे नाव होते. मेट म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा चढणीवर बसवलेली पहाऱ्याची चौकी. म्हणजे 1818 मध्ये वासोटा इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत ज्या वस्तीचे काम गडाकडे येणारी वाट राखण्याचे होते, तिचे नाव आता ती वस्ती उठल्यावरही त्याच वाटेला चिकटून राहिले आहे. थोडे पुढे गेल्यावर झाडीत छप्पर नसलेले मारुती आणि गणपतीचे ठाणे लागते. ट्रेकर तिथे दम घेतात, फोटो काढतात आणि ‘काय अस्पर्श जंगल आहे’ असे म्हणत पुढे निघतात.

या ‘अस्पर्श’ शब्दापाशीच अडायला होते. कोयना आणि वारणा नद्यांच्या वरच्या खोऱ्यांतील देवराया आणि कड्यांखालचे सदाहरित रान जुने आहे, यात वाद नाही; पण पायवाटेच्या दोन्ही अंगांना जे दिसते, त्याचा बराचसा भाग गेल्या चाळीस-साठ वर्षांत, माणसे उठल्यानंतर वाढलेला आहे. माणसे का उठली, हे धरणांच्या, कायद्यांच्या आणि मुंबईच्या मजुरीच्या इतिहासात शोधावे लागते.

हा मुलूख जुन्या जावळीचा आणि त्याच्या दक्षिणेचा. शिवाजी महाराजांनी 1656 मध्ये मोऱ्यांकडून जावळी घेतली तेव्हाही तो दाट रानाचा म्हणूनच ओळखला जात होता. कोकणातून देशावर चढणाऱ्या घाटवाटा, त्या राखणारे किल्ले आणि वाटांच्या आधाराने जगणाऱ्या वाड्या असा इथला संसार होता. नदीकाठच्या सपाट तुकड्यांत भात पिकायचे आणि डोंगरउतारावर नाचणी व वरी. उताराची शेती कुमरीची होती : झाडोरा तोडून जाळायचा, राखेत दोन-तीन वर्षे पीक घ्यायचे आणि जमीन काही वर्षे पडीक टाकून दुसरा तुकडा धरायचा. सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, गवळी-धनगरांची गुरे चरत असत. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, कुमरीवर बंधने आली आणि डोंगरावर पोट भरणे अधिक कठीण झाले.

विस्थापनाच्या चर्चेत एक गोष्ट सहसा मागे पडते. ही गावे धरणामुळे अचानक रिकामी झाली नाहीत. त्यांतले कर्ते पुरुष त्याआधीच मुंबईला होते. जावळी आणि पाटण तालुक्यांतून गिरण्यांत, गोदीत आणि घाऊक बाजारांत कामाला जाण्याची रीत जुनी आहे, आणि ज्यांच्यासाठी 1969 मध्ये माथाडी कायदा झाला, त्या कामगारांत या भागातले लोक मोठ्या संख्येने होते. गावी म्हातारी माणसे, बायका आणि मुले राहत, शेतीत काही उणे पडले तर ते मनीऑर्डर भरून काढी, आणि शिमग्याला व गावच्या जत्रेला घर पुन्हा भरे. अशा अर्ध्या रिकाम्या गावांवर पाण्याची नोटीस आली.

कोयना धरणाचे काम 1950 च्या दशकात सुरू झाले आणि प्रकल्पाची वीज 1962 पासून मिळू लागली. 103 मीटर उंचीचा हा बांध हेळवाकजवळ नदी अडवतो. मागे साठलेले पाणी खोऱ्यातून उत्तरेला पन्नास किलोमीटरांहून अधिक, थेट तापोळ्याच्या पलीकडपर्यंत पसरते आणि सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवले जाऊन पोफळीच्या बाजूला वीज करते. सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट) साठवण आणि 1,960 मेगावॉट क्षमता हे आजचे आकडे महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीच्या कथेत अभिमानाने सांगितले जातात, आणि ते रास्तही आहे. त्यासाठी शंभराच्या आसपास गावे उठली, हे मात्र त्याच दमात सांगितले जात नाही. तेव्हा पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदाच नव्हता. जमीन 1894 च्या भूसंपादन कायद्याने घेतली गेली, मोबदला रोख मिळाला, आणि माणसे रत्नागिरी, कुलाबा (आताचा रायगड), ठाणे, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत विखुरली. ज्यांनी आयुष्यभर तुफान पावसात भात लावला, त्यांतल्या काहींच्या वाट्याला सोलापूरकडचे कोरडे माळ आले.

सगळेच गेले नाहीत. अनेक वाड्यांची भातखाचरे बुडाली, पण घरे पाण्याच्या पातळीच्या वर राहिली, किंवा लोकच वर सरकून नवे गावठाण करून राहिले. पश्चिम काठाचे जुने रस्ते पाण्याखाली गेले आणि दवाखाना, बाजार, शाळा या सगळ्यांसाठी होडीवर अवलंबून राहावे लागले. त्यातच 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला. सुमारे 180 माणसे दगावली, कोयनानगरची वसाहत कोलमडली आणि धरणाच्या साठ्यामुळे भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नावर जगभरच्या भूशास्त्रज्ञांचे लक्ष कोयनेकडे वळले. काठच्या गावांना शास्त्रीय उत्तराची वाट पाहायला वेळ नव्हता.

बाबा आढाव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पुढे आणलेल्या धरणग्रस्तांच्या लढ्यांतून पुढे 1976 चा पुनर्वसन कायदा आला आणि धरणाच्या लाभक्षेत्रातच विस्थापितांना जमीन देण्याचे तत्त्व मान्य झाले. कोयनेच्या लोकांना त्याचा फार उपयोग होण्यासारखा नव्हता, कारण ते दीड दशक आधीच उठले होते.

1985 हे वर्ष या कथेत कळीचे आहे. त्या वर्षी दक्षिणेकडे चांदोली येथे वारणेच्या धरणात पाणी साठवायला सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी कोयना व चांदोली ही दोन्ही अभयारण्ये जाहीर झाली. जी गावे पाण्यातून वाचली होती, ती आता अभयारण्याच्या हद्दीत आली. अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरे चारायलाही परवानगी नसते. 2004 मध्ये चांदोलीला तो दर्जा मिळाला, 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत दोन्ही वनक्षेत्रे समाविष्ट झाली. दरम्यान झोळंबी, रुंदीव, निवळे, गोठणे अशी गावे एकेक करून उठत गेली. धरण आणि जंगल अशी दोन वेगळी कारणे कागदोपत्री असली, तरी त्या गावांच्या बाजूने पाहिले तर एकाच पिढीला दोनदा निघायला सांगितले गेले, असेच म्हणावे लागते.

आता रानाकडे वळू. उजाड गाव म्हटले की मोडक्या भिंतींवर वेली चढलेल्या आहेत असे चित्र डोळ्यांपुढे येते. इथे ते फारसे दिसत नाही, याचे कारण साधे आहे. उठताना लोक वासे, आढी, कौले आणि दारांच्या चौकटी काढून नेत, कारण नव्या जागी घर त्यातूनच उभे राहायचे. उघड्या पडलेल्या मातीच्या भिंती इथल्या पावसात दोन-तीन पावसाळ्यांत विरघळतात. मागे राहते ते दगडी जोते, उंबरठ्याची शिळा, तुळशीवृंदावनाचा चौथरा, कडेला टाकलेला पाटा किंवा जात्याची एखादी तळी. ती शेवाळून मातीच्या रंगाची होते आणि अनेकदा पायाला लागल्यावरच कळते.

झाडे अधिक बोलकी असतात. रानात ओळीने उभे आंबे किंवा एकाच जागी चार-पाच फणस दिसले की तिथे परसू होते असे समजावे. चिव्याचे (बारीक बांबूचे) बेट आणि निवडुंगाची सरळ ओळ या कुंपणाच्या खुणा. घर गेले तरी फणसाला धरायचे ते धरतेच, आणि आता त्यावर अस्वलांचा व माकडांचा हक्क आहे.

बाकीची वाढ सरसकट एकसारखी नसते. गावठाण आणि खाचरांच्या सपाटीवर आधी गवत माजते. कुमरीने वर्षानुवर्षे धुपलेल्या उतारांवर कारवी आणि झुडपे दीर्घकाळ ठाण मांडून बसतात, कारण खाली मातीच पातळ उरलेली असते. जिथे जवळ देवराई आहे, तिथे चित्र वेगळे : पक्ष्यांनी आणलेल्या बियांतून जांभूळ, अंजनी यांची रोपे झुडपांच्या सावलीत उठतात आणि काही दशकांत खरे जंगल म्हणावे असे काही उभे राहू लागते. ज्या देवराया गावकऱ्यांनी देवाच्या धाकाने राखल्या, त्याच आज सरकारी जंगलाच्या बियाण्याची कोठी झाल्या आहेत. गाव राहिले असते तर कुऱ्हाडही राहिली असती, हे खरे. पण बी कोणी जपले, हेही विसरता येत नाही.

जुन्या गावठाणांची मोकळी माळराने मात्र तशीच रानात बुडू देणे वन्यजीव व्यवस्थापनाला परवडत नाही. गवे आणि सांबर चरायला तिथेच येतात, आणि ते टिकले तरच वाघाला भक्ष्य. चराई आणि वणवे थांबल्यावर या गवतात रानमोडी, घाणेरी अशी तणे घुसू लागली, म्हणून ती उपटून गवत राखण्याचे काम वनखात्याला करावे लागते. निसर्गाने गाव परत घेतले असे आपण म्हणतो, आणि त्याच गावाच्या अंगणात माणसाला अजून खुरपणी करावी लागते. 2018 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, तेव्हा इथे वाघ आहे की नाही, या अनेक वर्षांच्या शंकांना थोडे उत्तर मिळाले.

इकडे प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींत जमिनीचे आणि सातबाऱ्यावरच्या नोंदींचे प्रश्न अजून पूर्ण मिटलेले नाहीत. ग्रामदैवत नव्या वसाहतीत नेले, तरी मूळ ठाणे हलत नाही अशी भावना असते; म्हणून काही गावांची माणसे वर्षातून एकदा परवानगी घेऊन जुन्या जागी जातात, वाट साफ करतात, देवाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात आणि सोबत आलेल्या, वसाहतीतच जन्मलेल्या मुलांना कोणते जोते कोणाचे ते दाखवून दिवस मावळायच्या आत परत फिरतात.