भूल देण्याआधी घोरण्याची चौकशी का होते?

कोल्हापुरात शस्त्रक्रियेसाठी दाखल होणाऱ्या रुग्णाला भूलतज्ज्ञाने घोरण्याविषयी विचारले आणि मानेभोवती टेप धरला, की नातेवाईक बुचकळ्यात पडतात. घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज आपल्याकडे पक्का आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग पुन्हा पुन्हा बंद होण्याचा विकार, म्हणजेच ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, १९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी स्वतंत्रपणे नोंदवला. परंतु गंभीर रुग्णाच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्यापलीकडे खात्रीचा उपाय नव्हता, तोवर रुग्ण हुडकण्याला फारसा अर्थही नव्हता. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे हवेचा सततचा दाब देणारी सीपॅप पद्धत मांडली आणि चित्र पालटले. निदानाला मात्र रात्रभराची झोपेची तपासणी लागते आणि ती सरसकट करणे परवडत नाही. त्यातून प्रश्नावल्या आल्या.

मेलबर्नच्या मरे जॉन्स यांची १९९१ ची एपवर्थ श्रेणी दिवसाची पेंग मोजते. गळीत हंगामात रात्रभर उसाचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस तिच्यात नीट बसत नाही, कारण त्याची पेंग सगळे जण जागरणाच्याच खात्यावर टाकतात.

टोरंटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांची २००८ ची ‘स्टॉप-बँग’ ही मुळात शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठीच होती. भूल आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांनी घसा आणखी सैलावतो व गुदमरल्यावर जाग येण्याची शरीराची सोयही मंदावते. घोरणे, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहणे, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुष असणे, असे हे आठ मुद्दे. तीन किंवा अधिक ‘हो’ आले की धोका धरायचा.

यातला श्वासाचा प्रश्न रुग्णापेक्षा त्याच्या पत्नीला विचारावा, असे मला आग्रहाने वाटते. मानेच्या आकड्याबाबतही सावध राहावे: तालमीत घडलेल्या मल्लाची मान स्नायूंनीच ४० च्या पुढे जाऊ शकते, आणि कुस्ती सुटून वजन वाढले की तोच घेर खरोखर धोक्याचा ठरतो. उलट बीएमआयची ३५ ही मर्यादा आपल्यासाठी फार वरची आहे, कारण भारतीयांत २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांच्या २००४ च्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना हा विकार लक्षणांसह असल्याचा अंदाज निघाला होता.

लक्षणेच नसलेल्या सर्व प्रौढांचे स्क्रीनिंग करावे असे म्हणण्याइतका पुरावा नाही, हे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ मध्येही नोंदवले. त्यामुळे ही प्रश्नावली भूलपूर्व तपासणीत, आणि तीन-तीन औषधांनीही रक्तदाब न उतरणाऱ्या रुग्णांच्या ओपीडीत, सर्वांत आधी हाती घ्यायला हवी.