उन्हात चालू न होणारी कार्बोरेटरची गाडी: व्हेपर लॉक की ओव्हरफ्लो?

एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे दुपारचा पारा ४२ अंशांच्या पुढे सरकला, की जुन्या मारुती ८००, पद्मिनी किंवा अँबेसेडरच्या मालकांकडून एकच तक्रार ऐकू येते: सकाळी एका सेल्फमध्ये चालू होणारी गाडी तापल्यावर आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता संथ चालू राहणे) धरत नाही, आणि एकदा बंद पडली की बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला तरी दाद देत नाही. या एकाच लक्षणामागे दोन वेगवेगळे दोष असू शकतात आणि त्यांची दिशा परस्परविरुद्ध असते. व्हेपर लॉकमध्ये वाटेतच वाफ झाल्यामुळे कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागापर्यंत, पेट्रोल पोहोचत नाही. ओव्हरफ्लोमध्ये ते गरजेपेक्षा जास्त पोहोचलेले असते. त्यामुळे एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर गाडी चालू होण्याऐवजी आणखी अडून बसते.

व्हेपर लॉकचे मूळ पंपाच्या जागेत आहे. या गाड्यांमध्ये यांत्रिक पेट्रोल पंप, ज्याला बरेच मेकॅनिक अजूनही एसी पंप म्हणतात (गाडीच्या एअर कंडिशनरशी त्याचा संबंध नाही), इंजिनावरच बसवलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना पाइपमधला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानालाच उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक मुळातच ३५ ते ४० अंशांच्या आसपास उकळू लागतात. मग तापलेल्या इंजिनाला खेटून जाणाऱ्या पाइपात आणि पंपात त्यांची वाफ न झाली तरच नवल. पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, द्रव पुढे ढकलण्यासाठी असतो, वाफ मात्र त्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर नुसती दबते आणि पुन्हा फुगते. पंप चालतो, पण कार्बोरेटरची वाटी, म्हणजे त्यातला पेट्रोल साठवणारा कप्पा, रिकामी होत जाते.

ओव्हरफ्लोमध्ये पंपाचा काही दोष नसतो. इंजिन चालू असताना पंखा, रेडिएटरमधले पाणी आणि सतत येणारे ताजे पेट्रोल मिळून कार्बोरेटरला थंड ठेवतात. इंजिन बंद केल्याबरोबर हे तिन्ही थांबते, परंतु खालच्या मॅनिफोल्डची (इंजिनाला जोडलेल्या नळ्यांच्या जोडणीची) उष्णता वर चढतच राहते. अँबेसेडरमध्ये इनटेक (मिश्रण आत नेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर काढणारा) मॅनिफोल्ड एकाच बाजूला असल्यामुळे हा त्रास अधिक जाणवतो. वाटीतले पेट्रोल तापून दुधासारखे उतू जाते, नोझलमधून थेंब-थेंब मॅनिफोल्डमध्ये उतरते, आणि तिथे एवढी वाफ साठते की तिला जळण्यापुरती हवाच उरत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की गाडी नेमकी केव्हा अडली. चाळीसगावकडून औट्रम घाट चढताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत असताना गाडीने झटके द्यायला सुरुवात केली, ॲक्सिलरेटर दाबूनही ती उचल घेईना, आयडलिंग हळूहळू खाली आले आणि इंजिन विझले, तर संशय व्हेपर लॉकवर घ्यावा. याउलट बीडहून संभाजीनगरकडे गाडी उत्तम पळाली, गेवराईला चहासाठी दहा-पंधरा मिनिटे थांबली आणि त्यानंतर चालू होईना, तर ओव्हरफ्लोची शक्यता मोठी. अशी गाडी चालू झालीच तर सुरुवातीला काळा धूर सोडते, आयडलिंग अडखळते, आणि मिनिटभरात साठलेले पेट्रोल जळून गेल्यावर जणू काही झालेच नव्हते अशी चालू लागते.

मात्र वेळेवरून केवळ अंदाज बांधता येतो. खात्री कार्बोरेटरच्या तोंडाशीच होते. इग्निशन बंद ठेवून, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना लांब उभे करून एअर क्लीनरचे झाकण काढावे आणि आत पाहत थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरची) तार हाताने एकदाच ओढावी. वाटीत पेट्रोल असेल तर कार्बोरेटरमधल्याच छोट्या ॲक्सिलरेटर पंपाची बारीक धार आत उडताना दिसते. धार उडालीच नाही आणि आतल्या भिंती कोरड्या असल्या, तर वाटी रिकामी आहे असे समजावे. धार तर उडतेच, शिवाय नोझल ठिबकते आहे, भिंती ओल्या आहेत आणि पेट्रोलचा वास नाकात बसतो आहे, तर तो ओव्हरफ्लो आहे. प्लग काढून पाहण्याची तयारी असेल तर तिथेही हाच फरक दिसतो: एकात प्लग कोरडा, दुसऱ्यात ओला. ही तपासणी न करता चोक, म्हणजे कार्बोरेटरची हवा कमी करणारी झडप, ओढणारे पुष्कळ लोक दिसतात. ओव्हरफ्लो झालेल्या गाडीत चोक ओढणे म्हणजे उरलीसुरली हवाही बंद करणे होय.

ओव्हरफ्लोवर उपाय असा की चोक पूर्ण आत ठेवावा, ॲक्सिलरेटर हळूच तळापर्यंत दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा, म्हणजे भरपूर हवा आत जाऊन साठलेली वाफ बाहेर पडते. पॅडल पुन्हा पुन्हा मारू नये, कारण प्रत्येक दाबासरशी पेट्रोलची आणखी एक धार आत जाते. व्हेपर लॉकमध्ये पॅडल धरून ठेवण्याचा उपयोग नाही. तिथे बॉनेट उघडून, शक्यतो सावलीत, गाडी निवू द्यावी आणि पंपावर व त्याला येणाऱ्या पाइपवर ओले फडके गुंडाळावे. तापलेल्या इंजिनावर बादलीने पाणी ओतण्याचा प्रकार टाळावा. इंजिनाच्या ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो आणि प्लगांना ठिणगीची वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर भिजला तर तिसरीच कटकट मागे लागते.

दोन्ही दोष एकापाठोपाठ येतात तेव्हा खरा घोळ होतो. गाडी बराच वेळ उभी राहिली तर वाटीतले पेट्रोल उतू जाऊन संपते, मॅनिफोल्डमधली वाफही विरते, आणि आता कोरड्या वाटीत पेट्रोल आणण्याचे काम वाफ भरलेल्या पंपाकडे येते. अशा वेळी सुरुवात ओव्हरफ्लोने झालेली असली तरी उपचार व्हेपर लॉकचाच करावा लागतो.

थंड सकाळीही हीच लक्षणे दिसत असतील, तर उन्हाला दोष देऊ नये. तेव्हा ठिबकणाऱ्या नोझलमागे झिजलेली नीडल किंवा फ्लोट (वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई आणि तिला हलवणारा तरंगता भाग) असतो आणि कोरड्या वाटीमागे फाटका डायफ्राम किंवा तुंबलेला फिल्टर. पेट्रोल व्यवस्थित दिसूनही तापलेली गाडी चालू होत नसेल, तर ठिणगीच्या यंत्रणेतले कॉइल आणि कंडेन्सर तपासावेत.

इथेनॉलचा मुद्दाही लक्षात घ्यायला हवा. देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला आणि २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर गेले. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळत असले तरी पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळल्यावर ते मिश्रणाची वाफ होण्याची प्रवृत्ती वाढवते, आणि जुन्या प्रकारचे रबरी पाइप व डायफ्राम त्याने फुगतात किंवा मऊ पडतात. मऊ पडलेला पाइप ओढीच्या बाजूला असेल तर तो हवाही घेतो, आणि ते लक्षण हुबेहूब व्हेपर लॉकसारखे दिसते.

कायमच्या बंदोबस्तासाठी अनेक जण थेट इलेक्ट्रिक पंप बसवून घेतात. टाकीजवळ बसवलेला पंप पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो, त्यामुळे व्हेपर लॉकवर तो खरोखर गुणकारी आहे. ओव्हरफ्लोवर त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट दाब कार्बोरेटरच्या मानाने जास्त असला तर नीडल उचलली जाऊन ओव्हरफ्लो वाढतो. त्याआधी कार्बोरेटरखालचे जाड बेकलाइटचे पॅकिंग जागेवर आहे का ते पाहावे. कार्बोरेटर सर्व्हिस करताना ते तडकलेले निघाले, की त्याच्याऐवजी पातळ कागदी पॅकिंग बसवून गाडी परत दिली जाते, आणि मॅनिफोल्डची उष्णता अडवणारी एकमेव गोष्ट त्यातून निघून जाते.