स्पॅनिशचं ॲप घेताय? वर्षाचे पैसे भरण्याआधी हे वाचा

‘भाऊ, स्पॅनिशसाठी सगळ्यात भारी ॲप कोणतं?’ दिवसाआड कुणी ना कुणी दुकानात येऊन हे विचारतं. दुसरे येतात ते चिडून: ‘ॲप कधीच काढून टाकलं, तरी खात्यातून पैसे गेले!’ दोघांसाठी एकच पान छापलंय, कारण पहिला माणूसच वर्षभरानं दुसरा होऊन येतो.

आधी दुसऱ्याचं बघू. फोनमधून ॲप काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोवर टिचकी द्या, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये ‘सबस्क्रिप्शन्स’ बघा. तिथं ॲपचं नाव दिसेल, ते उघडून ‘कॅन्सल’ करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं, त्यात हेच सापडेल. पैसे कंपनीच्या वेबसाइटवर भरले असतील तर रद्दही तिथंच करावं लागतं. सात दिवस फुकट म्हणून कार्ड किंवा यूपीआय जोडलं असेल तर सातवा दिवस उजाडायच्या आत हे उरका. पैसे कापण्याच्या एक दिवस आधी मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नका. आणि एक, हे पैसे आमच्या गल्ल्यात येत नाहीत. ते परत देणं आमच्या हातात नाही, कितीही ओळखीचे असलात तरी.

चूक होते ती पहिल्या दिवशी. उत्साह असतो, पडद्यावर ‘आजच्या दिवस निम्म्यात’ची पाटी असते, आणि माणूस बारा महिन्यांचे पैसे भरून मोकळा होतो. ते ॲप आपल्या दिवसात बसतं की नाही, हे कळायला आठवडा लागतो. म्हणून आमचा नियम: आधी सात दिवस फुकटचं वापरा, तेही आपल्या रोजच्या वेळेला, दुकानातल्या खुर्चीत नाही.

ॲप सुचवण्याआधी आम्ही प्रश्न फार विचारतो, अशी तक्रार आहे. ‘घ्यायला आलोय, मुलाखत द्यायला नाही,’ असंही ऐकून घेतलंय. पण ‘मी बघून शिकणारा की ऐकून?’ या इंटरनेटवरच्या चाचण्यांवर आमचा भरवसा नाही. 2008 मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी आधीचे अभ्यास तपासले, तेव्हा तशा वाटणीप्रमाणे शिकवल्यानं जास्त येतं, याला पुरेसा पुरावा सापडला नाही. म्हणून आम्ही साधं विचारतो: दिवसातला कोणता अर्धा तास तुमचा स्वतःचा आहे, आणि तेव्हा हात, डोळे, तोंड यातलं काय मोकळं असतं?

सकाळी मेहरूण तलावावर फिरायला जात असाल तर पिम्सलर. धडा साधारण अर्ध्या तासाचा, सगळा कानानं, आणि मोठ्यानं उत्तर द्यावं लागतं. भुसावळ-जळगाव अप-डाऊन करणाऱ्यांना तो नको. डब्यात स्वतःशी स्पॅनिश बोलणाऱ्याकडे लोक कसे बघतात, ते एका गिऱ्हाइकानं आम्हाला साभिनय करून दाखवलंय. त्यांना गप्प बसून वापरता येणारं ड्युओलिंगो, नाहीतर शब्द पाठ करायची कार्डं दाखवणारं अँकी. अँकी अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत. ‘असं का?’ हा प्रश्न सुटल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांना बॅबेल, त्यात नियम समजावतात. रोझेटा स्टोनमध्ये भर भाषांतरावर नाही, चित्रं आणि स्पॅनिश यांवर आहे. इंग्रजीचा कंटाळा असलेल्यांना ते मानवतं, ‘असं का’वाले मात्र तिसऱ्या दिवशी वैतागतात.

इंग्रजीवरून आठवलं. यातली बरीच ॲप्स इंग्रजीतून समजावतात आणि मराठी माणूस उगाच अवघड वाट धरतो. ‘मे गुस्ता एल ते’ हे वाक्य समजावताना इंग्रजीत कसरत करावी लागते. आपल्याकडे ते सरळ ‘मला चहा आवडतो’. अहिराणीत म्हणा, ‘माले चहा आवडस’. वस्तू अनेक झाल्या की ‘गुस्ता’चं ‘गुस्तान’ होतं, जसं आवडतोचं आवडतात. ‘नीन्यो बुएनो, नीन्या बुएना’ म्हणजे चांगला मुलगा, चांगली मुलगी. उच्चारही आपलेच: टोमॅटो तिकडे ‘तोमाते’, त स्वच्छ दातांवरचा. मांजराला ‘गातो’ म्हणतात, हे तर एकदा ऐकलं की पुसलं जात नाही. रविवारी सकाळी आमच्याकडे बोलण्याचा तास असतो, दीडशे रुपये, तिथं हे सगळं मराठीतूनच चालतं. ॲप कुठलंही असो, अगदी फुकटचं असलं तरी या.

स्पेन की लॅटिन अमेरिका, हे मात्र आधी ठरवा. रावेर-सावद्याकडच्या केळीवाल्यांनी तर नक्कीच. स्पेनमध्ये केळं म्हणजे ‘प्लातानो’. जगात सर्वांत जास्त केळी निर्यात करणाऱ्या इक्वेडोरमध्ये प्लातानो म्हणजे शिजवून खायचं केळं, आणि आपलं नेहमीचं ते ‘बानानो’ किंवा ‘गिनेओ’. भाव विचारताना फरक पडेल! पिम्सलर आणि रोझेटा स्टोन दोन्हीकडची स्पॅनिश वेगवेगळी देतात, ड्युओलिंगोचा कल लॅटिन अमेरिकेकडे आहे.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दाखला हवा असेल तर ॲप दोनशे दिवस न चुकता वापरल्याची साखळी चालत नाही. त्यासाठी डेले ही स्पॅनिश किती येतं ते तपासणारी परीक्षा देता येते. ती इन्स्तितुतो सेर्वांतेस ही स्पेनची सरकारी भाषासंस्था घेते, त्यांचं केंद्र दिल्लीत आहे.

ॲप बसवून देण्याचे आणि वर्गणी रद्द करून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. हेडफोन घेतलेत तर आनंदच आहे. सोमवारी दुकान बंद. येताना फोन चार्ज करून आणा आणि गूगल खात्याचा पासवर्ड आठवून या. ‘तो पोराला माहीत आहे, पोरगा पुण्याला आहे’ यात आमची अर्धी दुपार जाते.