व्हिलेज म्हणजे आपलं गाव नव्हे

इंग्लंडला जाऊन आलेला माणूस हमखास म्हणतो, "खेडी बघावीत तर तिकडची!" मीही म्हणायचो. कॉट्सवोल्ड्समधली मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, भिंतीवर चढलेले गुलाब. मग एकदा सकाळी साडेसातला तिथल्या रस्त्यावर उभा राहिलो. दारादारातून मोटारी निघत होत्या, सगळ्या शहराच्या दिशेने. शेताकडे कोणीच वळलं नाही.

आपलं गाव म्हणजे पांढरी आणि काळी दोन्ही. पांढरीत घरं, काळीत शेतं, शिवेपर्यंतचं सगळं शिवार गावाचंच. जनगणनाही कामधंदा बघते. वस्ती किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, एवढं जुळलं की ग्रामपंचायत असूनही ते शहरांत मोजतात. इंग्लंडच्या २०११ च्या वर्गीकरणात १०,००० च्या आतली वस्ती ग्रामीण. पोट कशावर चालतं याचा प्रश्न नाही. म्हणून स्वच्छतेवरून आपल्या गावाला नावं ठेवली की मला वाईट वाटतं. ज्या घराला गोठाच नाही, तिथे दारात शेण कुठून येणार?

'सिटी' हा तर तिथे राजसत्तेने दिलेला मान. वेल्समधलं सेंट डेव्हिड्स सिटी आहे, वस्ती दोन हजारांच्या आत.

खरी गल्लत होते ती वाटेची. तिथला 'पब्लिक फूटपाथ' म्हणजे पाणंद, असं मी धरून चाललो होतो. खांबावरचा पिवळा बाण थेट गव्हात शिरत होता. दोन्ही हातांना ओंब्या लागत होत्या आणि कोणीतरी बांधावरून हटकेल अशी धाकधूक होती. कोणी हटकलं नाही. ती वाट कुणाही चालणाऱ्याच्या हक्काची. नांगरट झाली तरी शेतकऱ्याला शेतातून किमान एक मीटर रुंद वाट पुन्हा करून द्यावी लागते. आपली पाणंद बैलगाडीची, ट्रॅक्टरची, माल बाहेर काढायची. ती कोणी अडवली तर तोडलेला ऊस रानातच वाळतो, म्हणून मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते.

शहराच्या कडेचं मात्र मला तिथलंच पटलं. लंडनभोवती ग्रीन बेल्ट आहे, म्हणजे बांधकामाला आळा घातलेला मोकळ्या जमिनीचा पट्टा. कित्येक ठिकाणी शेवटच्या घराच्या कुंपणापलीकडे लगेच कुरण लागतं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की हडपसर मागे पडतं, ऊस दिसतो, मग उंच इमारती, मग पुन्हा ऊस.