कुरळ्या केसांसाठी शाम्पू-कंडिशनरचे घटक बघणं

बाटलीच्या मागची बारीक अक्षरातली यादी वाचून त्यातलं आपल्या कुरळ्या केसांना काय चालेल आणि काय नको हे ठरवायचं, याला घटक बघणं म्हणतात, पण बोलताना सगळे इन्ग्रेडियंट चेक करणं असंच म्हणतात. कोल्हापुरात हे काम राजारामपुरीतल्या नाहीतर महाद्वार रोडवरच्या दुकानात उभं राहून, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं यादी झूम करून चालतं, आणि तोवर दुकानदार "ताई, हे लै चालतंय" म्हणत तिसरीच बाटली पुढं सरकवतो.

कुरळा केस कोरडा का पडतो तर टाळूतलं तेल सरळ केसावरून घसरत खाली जातं, इथं मात्र वळणावळणात अडकून टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून मुळं तेलकट, टोकं कोरडी. शाम्पू टाळूला आणि कंडिशनर टोकांना, हा हिशोब तिथूनच येतो.

यादी वाचायची कशी? भारतात कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे 1 टक्क्याच्या वरचे घटक उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, त्याखालचे नंतर कुठल्याही क्रमानं. पहिलं पाणी, म्हणजे अ‍ॅक्वा. मग मधे कुठंतरी फिनॉक्सीइथेनॉल सापडतं, ते माल टिकवायला घालतात आणि त्याची मर्यादाच 1 टक्का आहे, म्हणजे त्याच्या पुढं जे जे लिहिलंय ते मिसळीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीएवढं. बाटलीच्या तोंडावर आर्गन ऑइलचं मोठं चित्र आणि मागं नाव फिनॉक्सीइथेनॉलच्याही नंतर, असं बऱ्याचदा दिसतं. पहिली पाच-सात नावं वाचली तरी निम्मं काम झालं.

आता सल्फेट, म्हणजे शाम्पूतलं फेस आणणारं आणि तेल-मळ धुऊन काढणारं रसायन. सोडियम लॉरिल सल्फेट कडक, सोडियम लॉरेथ सल्फेट त्यापेक्षा जरा सौम्य. कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड, सोडियम कोकोइल आयसेथायोनेट हे सल्फेट नसलेले, मवाळ. पण सल्फेट फ्री लिहिलं म्हणजे मवाळच असं नाही, त्यात ऑलेफिन सल्फोनेट असेल तर तेही चांगलंच तेल ओढतं. आणि खरं सांगायचं तर सल्फेटला लोक उगाच जास्त घाबरतात, रविवारी वाटीभर खोबरेल चोपडून बसणाऱ्याला मवाळ शाम्पूनं तीनदा धुऊनही केस चिकटच लागतात. (खोबरेलाला मात्र नावं ठेवू नयेत, ते केसातलं प्रोटीन निघून जाणं कमी करतं आणि मिनरल ऑइल किंवा सूर्यफूल तेल तसं करत नाही, हे 2003 मध्ये छापून आलेल्या संशोधनात दिसलंय.)

सल्फेटचा प्रश्न सिलिकोनशिवाय सुटत नाही. नावाच्या शेवटी कोन, कोनॉल किंवा झेन आलं की बहुतेक सिलिकोन समजायचं, म्हणजे डायमेथिकोन, डायमेथिकोनॉल वगैरे. ते केसावर गुळगुळीत थर देतं, वाईट नाही, पण मवाळ शाम्पूनं नीट निघत नाही आणि थरावर थर चढून कुरळं वळण लोंबायला लागतं. म्हणून एकतर दोन्ही सोडा नाहीतर दोन्ही ठेवा, अर्धवट केलं की फसगत. नावाआधी पेग लागलेलं असेल, जसं पेग-12 डायमेथिकोन, तर ते पाण्यात विरघळतं.

नावावरून गैरसमज फार होतात. मी स्वतः एक चांगला कंडिशनर बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट वाचून परत ठेवला होता, नंतर कळलं की ते केस मऊ करणारं आणि गुंता सोडवणारं आहे, शाम्पूतल्या सल्फेटसारखं धुणारं नाही. तसंच सीटाइल आणि सीटेरिल अल्कोहोल, ही मेणासारखी, केसाला चांगली. कोरडं करणारं ते अल्कोहोल डिनॅट आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल.

ग्लिसरीनचं गणित हवेवर. जून ते सप्टेंबर, पंचगंगा पात्राबाहेर आलेली आणि वाळत घातलेले कपडे दोन दिवस दमट, त्या दिवसांत ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून केस फुगवतं. त्यामुळे न धुता केसावर ठेवायच्या क्रीममध्ये ते दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला असेल तर पावसाळ्यात बाजूला ठेवावं, धुऊन टाकायच्या कंडिशनरमध्ये एवढा फरक पडत नाही.

घरी बोअरचं पाणी असेल आणि बादलीला पांढरा थर धरत असेल तर तोच थर केसावरही बसतो, मग कितीही महागडा कंडिशनर लावा. अशा वेळी अधूनमधून ईडीटीए (पाण्यातले क्षार पकडणारा घटक) असलेला क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणारा शाम्पू कामाला येतो. हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेलं, केराटिन किंवा व्हीट प्रोटीन रंगवलेल्या, स्ट्रेट केलेल्या केसांना बरं, धडधाकट केसांना जास्त झालं तर केस खराट्यासारखे ताठ होतात.

केसांचं वळण धरून ठेवणाऱ्या जेलसाठी तर घरातलेच जवस पुरतात, ज्याची आपण चटणी करतो तेच. एक वाटी जवस चार-पाच वाट्या पाण्यात उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार दिसली की गॅस बंद. गरम असतानाच गाळायचं, गार झालं की फडक्यातून उतरत नाही, सगळा हात बुळबुळीत होतो आणि वर आईची बोलणी. यात फिनॉक्सीइथेनॉल नाही, त्यामुळे फ्रीजमध्ये ठेवूनही आठवड्याच्या आत संपवायचं, वास बदलला की टाकून द्यायचं.