दस्तऐवजांचे नॉलेज बेसमध्ये स्थलांतर : फॉरमॅटिंगच्या अडचणी

वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिलेल्या नियमावल्या, कार्यपद्धती, हस्तपुस्तिका नॉलेज बेसमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या व शोधता येणाऱ्या लेखसंग्रहात हलवताना त्यांच्या मांडणीत होणारे बिघाड. शीर्षके साध्या परिच्छेदांत मिसळणे, याद्यांचे क्रमांक बदलणे, कोष्टके विस्कटणे, चित्रे गळून पडणे आणि अक्षरांच्या जागी चौकोन उमटणे हे त्यांचे नेहमीचे प्रकार. दोष सहसा आयात करणाऱ्या साधनाला दिला जातो. पण बहुतेक बिघाडांचे बी दस्तऐवज लिहिला गेला त्याच दिवशी पडलेले असते.

वर्ड प्रोसेसरचे लक्ष छापील पानावर असते. कागदाचा आकार, समास, स्तंभ, पानाच्या माथ्यावरचा व तळाचा मजकूर हे सारे तो सांभाळतो. नॉलेज बेसमधला लेख एचटीएमएल (वेबपानांची खूणभाषा) किंवा मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मांडणी दाखवणारी सोपी लेखनपद्धत) साठवलेला असतो आणि त्याला पानच नसते. ओळीची रुंदी पडदा ठरवतो, रंग आणि फॉन्ट संकेतस्थळ ठरवते. त्यामुळे ‘पान १४ पाहा’ अशा सूचना नव्या जागी निरर्थक होतात. हे नुकसान अटळ आहे आणि त्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नाही.

मायक्रोसॉफ्ट वर्डच्या जुन्या ‘डॉक’ फाइली द्विमान (बायनरी) स्वरूपाच्या, म्हणजे उघडून थेट वाचता न येणाऱ्या होत्या. ऑफिस २००७ पासून ‘डॉकएक्स’ हे स्वरूप रूढ झाले. ते २००६ मध्ये इक्मा-३७६ या नावाने आणि २००८ मध्ये आयएसओ/आयईसी २९५०० या नावाने प्रमाणित झाले. डॉकएक्स ही वस्तुतः झिप फाइल, म्हणजे अनेक फाइलींचे एक गाठोडे असते. तिच्यात मजकूर, शैली आणि क्रमांकन यांच्या वेगवेगळ्या एक्सएमएल (खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली असतात व चित्रांचा एक फोल्डर असतो. रचना अशी उघडी असल्यामुळे रूपांतर शक्य होते, पण ती लेखकाने नोंदवलेली असली तरच. ‘शीर्षक १’ ही शैली न वापरता नुसती ओळ ठळक आणि मोठी केली, तर माणसाला ते शीर्षक दिसते. फाइलमध्ये मात्र तो मोठ्या अक्षरांतला एक परिच्छेद असतो. रूपांतरक तो तसाच नेतो आणि लेखाची अनुक्रमणिका रिकामी राहते.

सर्वांत घातक बिघाड क्रमांकित याद्यांचा, कारण तो डोळ्यांना खटकत नाही. तुटलेले चित्र कोणीही दाखवून देतो. पाचव्या पायरीच्या जागी पहिली आली तर वाचक ती तशीच वाचून पुढे जातो. वर्डमध्ये परिच्छेदापुढचा आकडा सहसा मजकुरात नसतोच. परिच्छेद कोणत्या यादीतला आणि कोणत्या पातळीवरचा एवढीच नोंद असते, आकडा दाखवताना मोजला जातो. एचटीएमएलमध्येही आकडे मोजलेच जातात, पण तिथे यादी हा एक बंदिस्त घटक असतो. दोन पायऱ्यांमध्ये आलेले चित्र किंवा सूचना वरच्या पायरीच्या आत बसवली नाही, तर यादी तिथेच संपते आणि पुढची एकापासून सुरू होते. मार्कडाउनमध्ये हे आत बसवणे केवळ डावीकडच्या मोकळ्या जागेवर अवलंबून असते. दोन जागा कमी पडल्या तरी यादी तुटते. मग ‘पायरी ५ पुन्हा करा’ हे वाक्य भलत्याच कृतीकडे बोट दाखवते. ‘४.२.१’ असे बहुस्तरीय क्रमांक मार्कडाउनच्या याद्यांत मुळातच नाहीत. ज्या नियमावलीतील कलमांचा हवाला इतरत्र दिला जातो, तिचे क्रमांक साध्या मजकुरात गोठवून मगच हलवणे शहाणपणाचे.

कॉपी-पेस्टचा मार्ग सोपा दिसतो, पण त्याचे उपद्रव वेगळे आहेत. वर्डमधून कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्डवर एकाच वेळी साधा मजकूर, आरटीएफ (मांडणीसह मजकुराचे एक स्वरूप), एचटीएमएल अशा अनेक रूपांत जातो आणि ब्राउझरमधला संपादक (लेख लिहिण्याचे साधन) सहसा एचटीएमएल उचलतो. त्या एचटीएमएलमध्ये वर्डच्या खास वर्गनामांचे आणि शैलींचे मोठे ओझे असते. ठिपक्यांच्या याद्या खऱ्या याद्या म्हणून येत नाहीत. सुट्या परिच्छेदांपुढे सिम्बॉल फॉन्टमधला एक ठिपका चिकटलेला असतो. टायनीएमसीई आणि सीकेएडिटर यांसारख्या संपादकांत हे साफ करणाऱ्या चाळण्या आहेत, पण त्यांनाही यादीचा अंदाजच बांधावा लागतो. अक्षरांचा काळा रंग मजकुरासोबत आला तर गडद पार्श्वभूमीवर ओळी नाहीशा होतात. चित्राच्या जागी कधी लेखकाच्या संगणकावरील फाइलचा पत्ता येतो, जो इतर कोणाकडेच उघडत नाही.

चित्रांत आणखी दोन सापळे आहेत. स्क्रीनशॉटवर वर्डमध्येच काढलेले बाण आणि चौकटी या स्वतंत्र आकृत्या असतात. चित्र बाहेर काढले की बाण मागे राहतात. आणि वर्डमध्ये कातरलेल्या चित्राचा झाकलेला भाग मुद्दाम काढून टाकला नसेल, तर तो फाइलमध्ये शाबूत असतो. बाजूला लपवलेले नाव किंवा खाते क्रमांक आयातीनंतर अख्खा समोर येऊ शकतो. हा प्रश्न मांडणीचा उरत नाही, गोपनीयतेचा होतो. ईएमएफ व डब्ल्यूएमएफ या विंडोजच्या स्वरूपांतील आकृत्या ब्राउझर दाखवत नाहीत, त्या पीएनजी किंवा एसव्हीजीत बदलाव्या लागतात.

कोष्टकांबाबत थोडक्यात सांगायचे तर, एकत्र केलेले कप्पे मार्कडाउनच्या प्रचलित कोष्टकांत बसत नाहीत. निव्वळ मांडणीसाठी वापरलेले अदृश्य कोष्टक मोडून टाकणेच बरे.

वर्डची आपोआप सुधारणा तांत्रिक मजकुराला बाधते. सरळ अवतरणचिन्हे वळणदार होतात, दोन संयोगचिन्हांची एक लांब रेघ होते आणि लेखातून उचललेली आज्ञा संगणक नाकारतो. युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी पद्धत येण्यापूर्वीच्या) फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ कृतीदेवमध्ये, टाइप केलेली देवनागरी फाइलमध्ये रोमन अक्षरांच्या रूपात असते. फॉन्ट गेला की लिपीही जाते. फॉन्ट राखला तरी शोध चालत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

पॅनडॉक (२००६ पासून) आणि मॅमथ ही या कामातली, म्हणजे फाइलींचे रूपांतर करणारी, प्रचलित साधने. दोन्ही दिसण्यापेक्षा रचनेला महत्त्व देतात, म्हणून शैली नीट वापरलेल्या फाइलींवर ती उत्तम चालतात. पॅनडॉक ‘ट्रॅक चेंजेस’मधले (वर्डमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या सोयीतले) प्रलंबित बदल, वेगळे सांगितले नाही तर, मंजूर समजतो आणि शेरे गाळतो. वादातला मसुदा अशा रीतीने अंतिम मजकूर म्हणून प्रसिद्ध होऊ शकतो, तेव्हा बदलांचा निकाल आधीच लावावा. चाचणीसाठी फाइली निवडताना सोप्या नव्हे, सर्वांत गुंतागुंतीच्या घ्याव्यात. जे दस्तऐवज केवळ नोंदीपुरते ठेवायचे आहेत ते पीडीएफ म्हणून जोडले तरी चालते. बाकीच्यांचे स्थलांतर झाल्यावर मूळ फाइल केवळ वाचनासाठी ठेवावी, नाहीतर पुढची दुरुस्ती हमखास जुन्या प्रतीत होते.